थांबायचा पैसा

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात एका गावात गोविंद आणि बालाजी असे दोन मित्र होते. दोघांनी लातूरच्या आयटीआयमधून फिटरचा ट्रेड पुरा केला आणि एकाच रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं चाकणला आले. एकाच ठेकेदारामार्फत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागले, एकाच खोलीत राहिले, एकाच मेसमध्ये जेवले. पगारही सारखाच. पहिल्या पगारपत्रकावर दोघांच्या नावापुढं १८,५०० रुपये होते. त्यातून पीएफचे १,५००, ईएसआयचे १३९ आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात आले १६,६६१.

मेस काकूंची होती. काकू मूळच्या बार्शीकडच्या, त्यामुळं त्यांच्याकडं ज्वारीची भाकरी मिळायची आणि मराठवाड्याची पोरं त्यांच्याकडंच जेवायची. हिशेबाला शंभर पानी वही. प्रत्येक पोराला एक पान, पानावर महिन्याचे रकाने. जेवला की टिंब, खाडा पडला की फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजून तेवढे पैसे वजा व्हायचे. एका फुलीवरून कधी कुणाशी वाद झाला नाही, कारण त्या फुल्या पोरांच्या देखत मारल्या जायच्या.

पहिला पगार झाला त्या रात्री दोघं मेसचे पैसे द्यायला गेले. काकूंनी पैसे मोजून घेतले, वहीत लिहिले आणि विचारलं, "गावाकडं सोयाबीन असतंय न्हवं? कधी विकता?"

"काढलं की लगेच," गोविंद म्हणाला. "दिवाळीच्या आगंमागं."

"तवा भाव असतो का?"

"न्हाई. सगळ्यांचाच माल एकदम येतो. भाव पडलेला असतो."

"मग थांबत का न्हाईत?"

बालाजी हसला. "काकू, थांबायला पैसा लागतो. बी-खताच्या दुकानदाराचं देणं असतं, रब्बीची पेरणी असते. थांबून कसं चालंल?"

"मग तेच सांगायलेय बाळांनो," काकू म्हणाल्या. "तुमच्या बापाला सोयाबीन धरून ठेवता येत न्हाई, कारण घरात थांबायचा पैसा न्हाई. उद्या तुमचं कामच जाईल. तवा तुम्हालाबी थांबता आलं पाहिजे. न्हाईतर जो पहिला येईल त्याला, त्याच्या भावानं, स्वतःला विकावं लागंल."

मग त्यांनी स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली. त्यांचे मालक भोसरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला त्या दिवशी घरात पंधरा दिवसांचासुद्धा किराणा नव्हता. घरभाडं थकलेलं, मुलगी शाळेत. मिळेल ती नोकरी धरणं भाग होतं. एका सोसायटीत वॉचमनची जागा होती, ती धरली. मनात होतं, चार महिने करू आणि मग लेथवर परत जाऊ. पण बारा-बारा तासांच्या ड्युटीत दुसरीकडं विचारायला जायचं कधी? वर्ष गेलं, दोन गेली. पुढं कुणी टर्नर म्हणून उभं करेना.

"हातात सहा महिन्यांचं खाणं असतं तर हा माणूस टर्नरच राहिला असता," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. हिशेब सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

बोध शेवटाला सांगायची रीत आहे, पण मला तो इथंच सांगावासा वाटतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. कमवायला लागलेल्या मुलानं सगळ्यात आधी थांबायचा पैसा उभा करावा. गाडी, फोन, सोनं, शेअर बाजार, लग्न हे सगळं त्याच्यानंतर. खोलीभाडं, जेवण आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला जे लागतं, त्याच्या सहापट रक्कम स्वतःच्या नावावर बँकेत असावी. ती श्रीमंत होण्यासाठी नसते. ती असली की माणसाला 'नको' म्हणता येतं.

गोविंदनं विचारलं, "काकू, किती टाकावं?"

"तुझं तू बघ. पण उरलं तर टाकीन म्हणू नको. उरत न्हाई. सातला पगार, तर आठला बँकेनं आपणहून कापून घ्यायचं. तुझ्या हातात येऊच द्यायचं न्हाई."

गोविंदनं हिशेब मांडला. खोलीचे १,८००, मेसचे ३,२००, मोबाईल-साबण-येणंजाणं धरून १,५००, म्हणजे ६,५००. घरी पाच हजार. राहिले पाच. त्यातले २,५०० त्यानं बँकेत आवर्ती ठेवीला लावले. खोलीतल्या एकानं एका पतसंस्थेचं नाव सांगितलं, तिथं व्याज जास्त होतं. गोविंदनं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा पैसा व्याजासाठी ठेवायलास का अडीनडीसाठी? अडीनडीचा पैसा जिथून हमखास परत मिळतो तिथंच ठेवायचा. हे प्रत्येक मुलानं समजून घ्यावं असं आहे. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या व्याजासकट पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पूर्वी ही मर्यादा एक लाख होती, २०२० साली ती पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था चांगली असू शकते, पुष्कळ आहेतही. पण पहिली शिल्लक तिथं ठेवू नये.

बालाजी म्हणाला, "पगार वाढला की मीबी चालू करतो."

बालाजी उधळ्या नव्हता. घरी तोही पैसे पाठवायचा आणि मित्र अडला तर खिसा मोकळा करायचा. फक्त जे येईल ते याच महिन्यासाठी आहे, असं त्याला वाटायचं. चौथ्या महिन्यात त्यानं मोटरसायकल घेतली. घरून आणलेले २०,००० भरले आणि ९०,००० कर्ज काढलं. शोरूममधल्या माणसानं सांगितलं, "सव्वानऊ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, हप्ता ३,२००." सव्वानऊ टक्के ऐकून कुणालाही स्वस्तच वाटेल.

इथं मी जरा थांबतो, कारण याच जागी हजारो मुलं फसतात. छत्तीस हप्ते गुणिले ३,२०० म्हणजे १,१५,२००. नव्वद हजारांवर २५,२०० व्याज. फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं पुऱ्या नव्वद हजारांवर व्याज लावायचं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं. दीड-दोन वर्षांनी निम्मं कर्जच राहिलेलं नसतं, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या आकड्यावरच चालू. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हाच दर जवळजवळ १७ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आता असं कर्ज देणाऱ्याला एक पत्रक द्यावं लागतं. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असावं लागतं. सही करण्याआधी ते मागून घ्यावं आणि तो एक आकडा शोधावा. लाजू नये. पैसे आपण फेडणार असतो, मग विचारायचं आपण नाही तर कुणी?

गाडीनंतर दोन हजारांच्या बारा हप्त्यांवर फोन आला. मग बँकेचं क्रेडिट कार्ड आलं. त्यावर सणाची खरेदी, बहिणीला साडी, मित्रांबरोबर लोणावळा असं होत होत बाकी २०,००० झाली. बिलावर लिहिलेलं असायचं, 'किमान देय रक्कम १,०००'. बालाजी दर महिन्याला हजार भरायचा आणि त्याला वाटायचं, फिटायलंय. एकदा काकूंनी ते बिल मागून घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर मांडलं. वीस हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ७००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १२६. झाले ८२६. भरले १,०००. म्हणजे कर्जातून कमी झाले १७४.

"वीस हजारातून पावणेदोनशे," काकू म्हणाल्या. "कधी फिटायचं रे हे?"

बालाजी गप्प राहिला. पण त्याची नोकरी चालू होती, हप्ते जात होते, आणि हप्ते जात असले की माणसाला सगळं ठीक वाटतं.

इकडं गोविंदचंही सगळं सरळ चाललं नव्हतं. सातव्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनला पैसे कमी पडले. त्यानं ठेव मोडली, दहा हजार घरी पाठवले आणि काकूंसमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. मुदतीआधी मोडल्यानं व्याज थोडं कमी मिळालं होतं, मुद्दल शाबूत होतं. काकू म्हणाल्या, "अरे, त्याच्यासाठीच तर ठेवलं होतंस. उरलेले परत टाक आणि आठ तारखेचं चालू ठेव." चांगल्या कामासाठी मोडलेली ठेव पुन्हा भरता येते. पुष्कळ मुलं एकदा मोडली की सोडून देतात. त्यांना कुणीतरी असं सांगायला हवं असतं.

वीस महिने झाले आणि एका शनिवारी ठेकेदाराच्या सुपरवायझरनं सगळ्यांना गेटजवळ उभं केलं. ऑर्डर कमी झाली होती. एक तारखेपासून काम नाही. कंपनीच्या कायम कामगारांना धक्का नव्हता, ठेक्यावरची पोरं तेवढी कमी झाली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका ठेकेदाराचा फोन आला. छोट्या प्रेसशॉपमध्ये जागा होती. पगार १३,०००, ड्युटी बारा तास. पीएफ नाही, ईएसआय नाही. "उद्या सकाळी यायचं असेल तर सांग, न्हाईतर दुसरे उभे आहेत."

बालाजीच्या डोळ्यांपुढं पाच तारीख उभी राहिली. गाडीचा हप्ता पाचला कापला जायचा. खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड, फायनान्सचा दंड, वरून वसुलीवाल्याचे गावाकडं वडिलांना फोन. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रेसशॉपच्या दारात होता.

गोविंदच्या खात्यात व्याजासकट बेचाळीस हजार होते. साडेसहा हजारांच्या हिशेबानं सहा महिने. त्यानं वडिलांना फोन करून सांगितलं, काही महिने पैसे पाठवता येणार नाहीत. वडील म्हणाले, "जेवायला हाय का?" "हाय." "मग बघ निवांत."

हा 'निवांत' शब्द त्याला त्या बेचाळीस हजारांनी मिळवून दिला होता. त्यातले बारा हजार भरून त्यानं सीएनसी मशीन चालवायचा आणि सेटिंगचा दोन महिन्यांचा कोर्स केला. सकाळी क्लास, दुपारी कंपन्यांचे गेट. दोन ठिकाणी बोलावणं आलं. एका जागी पगारपत्रक मिळणार नाही म्हणाले, दुसऱ्या जागी मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ म्हणाले. दोन्हीकडून तो परत आला. चौथ्या महिन्यात एका कंपनीत कंपनीच्याच रोलवर काम मिळालं, २२,००० रुपयांवर. खात्यात अजून साडेतीन-चार हजार शिल्लक होते. चमत्कार वगैरे काही झाला नाही. दारात आलेल्या पहिल्या माणसाला नाही म्हणता आलं, एवढंच झालं.

नव्या कंपनीत त्यानं पीएफसाठी जुनाच यूएएन नंबर दिला, म्हणजे पीएफचा जुना हिशेब तोडला नाही. त्याच्या खोलीतल्या तिसऱ्या मुलानं काम सुटल्यावर पीएफ काढून घेतला होता आणि नवा फोन घेतला होता. ठेक्यावरची मुलं काम बदललं की हेच करतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पीएफच्या खात्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. एवढं व्याज नेहमीच्या बचत खात्यावर मिळत नाही. शिवाय मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो, आणि ती पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. जो दर वेळी सगळा पैसा काढून हिशेब मिटवतो, त्याची दहा वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

तिकडं प्रेसशॉपमध्ये, गोविंदला काम लागण्याआधीच, दुसऱ्या महिन्यात बालाजीच्या शेजारच्या मशीनवर अपघात झाला. प्रेसला गार्ड नव्हता, सेन्सर नव्हता. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची दोन बोटं गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार रुपये दिले आणि घरी पाठवलं. ईएसआय असतं तर पूर्ण उपचार झाले असते आणि बोटं गेल्यामुळं कमाईची जी ताकद गेली, तिच्या प्रमाणात त्याला आयुष्यभर भत्ता मिळाला असता. आधीच्या कंपनीत त्यासाठी महिन्याला १३९ रुपये कापले जायचे. बालाजी त्या वेळी म्हणायचा, हे कशाला कापतात कुणास ठाऊक.

त्या रात्री तो जेवला नाही. काकूंनी फुली मारली नाही. ताट झाकून ठेवलं आणि त्याला समोर बसवलं.

"उद्यापासून जात न्हाई मी," तो म्हणाला.

"आणि हप्ता?"

तो काही बोलला नाही. काकूंनी वही उघडली. "हे बघ, तू बावीस वर्षांचा हायस. तुझं काहीबी गेलेलं न्हाई. दोन्ही हात शाबूत हायत. कर्ज मांडू."

कार्ड २०,०००, व्याज सगळ्यात महाग, वर्षाला ४२ टक्के. गाडी, १७ टक्के. फोनचे हप्ते संपलेले. गाडी विकायचाही विचार केला, पण फायनान्सची बाकी देऊन हातात काही राहत नव्हतं आणि प्रेसशॉपला बस नव्हती. ठरलं असं की गाडीचा हप्ता चालू ठेवायचा आणि बाकी प्रत्येक रुपया कार्डावर घालायचा. कार्ड वापरायचं बंद. ते काकूंच्या वहीत राहिलं. गोविंदचा तेव्हा कोर्स चालू होता, नोकरी नव्हती. तरी त्यानं सांगितलं, "नोकरी लागली की दोन महिन्यांची याची मेस माझ्या पानावर लिहा." काकू म्हणाल्या, "लागल्यावर दे." पुढं त्यानं ते पैसे दिलेही. बालाजीकडं ते कधी मागितले नाहीत. शिल्लक असलेल्या माणसाला मित्रही सांभाळता येतो, हे मला या गोष्टीत मोलाचं वाटतं.

प्रेसवर बालाजी त्यानंतर बोटं सांभाळून, चिमट्यानं जॉब लावून काम करायचा. सुपरवायझर ओरडला तरी. त्या रात्रीपासून पाचव्या महिन्यात कार्डाची बाकी शून्य झाली. बँकेतून तसं पत्र घेऊन त्यानं कार्ड बंद केलं. सहाव्या महिन्यापासून कार्डावर जाणारे ३,३०० रुपये आवर्ती ठेवीला लागले. त्याच आठवड्यात काकूंनी त्याला बँकेत पाठवून प्रधानमंत्र्यांच्या नावाच्या दोन विमा योजनांचे फॉर्म भरायला लावले. अपघाताचा वर्षाला २० रुपये, आयुर्विमा वर्षाला ४३६ रुपये, दोन्हीकडं दोन-दोन लाखांचं संरक्षण. ज्याच्या मागं गावाकडं आई-बाप आहेत, त्यानं एवढं तरी करावंच.

त्या वर्षी सोयाबीन निघालं तेव्हा गोविंदनं घरी पंधरा हजार पाठवले. दुकानदाराचं देणं भागलं. वडिलांनी माल लगेच बाजारात न नेता बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवला. कृषी पणन मंडळाच्या योजनेतून मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजानं कर्ज मिळतं, त्यात रब्बीची पेरणी झाली. थांबलं म्हणून भाव वाढतोच असं नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली माल विकला जात होता. थांबलेल्यांनाही फार मिळालं नाही. पण कधी विकायचं हे त्या वर्षी पहिल्यांदा गोविंदच्या वडिलांनी ठरवलं, दुकानदारानं नाही.

बालाजीच्या ठेवीत दहा हजार जमले तेव्हा प्रेसशॉपला लावणाऱ्या त्याच ठेकेदाराचा फोन आला. आणखी एक शॉप होतं, पगार पंधरा हजार, उद्याच यायचं.

बालाजीनं विचारलं, "पीएफ, ईएसआय कापता का?"

"त्याचं नंतर बघू."

"प्रेसला गार्ड हाय?"

"अरे, तुला काम पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे," बालाजी म्हणाला. "पण हे नको."

पुढचे अडीच आठवडे तो आठवड्याच्या सुट्टीला आणि ड्युटी सुटल्यावर गेट फिरला. मग १७,००० रुपयांवर, पीएफ आणि ईएसआयसकट, एका कंपनीत लागला. पहिला पगार सात तारखेला झाला. आठला सकाळी बँकेनं ठेवीचे पैसे कापले. संध्याकाळी त्यानं काकूंना मेसचे ३,२०० दिले आणि सांगितलं की खोलीत गावाकडून दोन नवीन पोरं आलीत, उद्यापासून त्यांचीही पानं घाला.